आइन्स्टाइन हरले, म्हणून क्वांटम सिद्धांत पूर्ण ठरला का?

प्रश्न एका शिक्षकांचा आहे. ते बारावीला भौतिकशास्त्र शिकवतात. २०२२चं भौतिकशास्त्राचं नोबेल गुंतलेल्या फोटॉनांवरच्या (प्रकाशकणांवरच्या) प्रयोगांसाठी अस्पे, क्लॉसर आणि झायलिंगर यांना मिळालं, तेव्हा ‘आइन्स्टाइन चूक ठरले’ अशा बातम्या सगळीकडे आल्या. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “सर, म्हणजे क्वांटम सिद्धांत पूर्ण आहे, त्याच्या खाली आणखी काही दडलेलं नाही, हे आता सिद्ध झालं का?” सरांना ‘हो’ म्हणावंसं वाटलं, पण जीभ अडखळली.

अडखळली ते बरं झालं. सिद्धांत पूर्ण आहे असं या प्रयोगांनी दाखवलेलंच नाही. तो पूर्ण करायला निघालात तर काय किंमत पडेल, याचं दरपत्रक तेवढं त्यांनी हातात दिलं. दर जबर आहेत. पण दुकान बंद झालेलं नाही.

गेली वीसेक वर्षं मी गुंतलेल्या, म्हणजे मोजल्यावर एकमेकांशी जुळणारी उत्तरं देणाऱ्या, फोटॉनांच्या जोड्या मोजतो आणि एम.एस्सी.च्या मुलांकडून बेलचा प्रयोग करून घेतो (हा बेल पुढे भेटेलच). त्यामुळे हे उत्तर तत्त्वज्ञाचं नाही, टेबलावरच्या माणसाचं आहे. थोडं लांबेल.

आधी ‘पूर्ण’ या शब्दाचा निकाल लावू, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. लोक एका दमात तीन वेगळ्या गोष्टी विचारत असतात. एखाद्या कणाबद्दल जे काही खरं आहे, ते सगळं त्याच्या तरंगफलनात, म्हणजे सिद्धांत त्या कणाचं जे गणिती वर्णन देतो त्यात, येतं का? मोजमाप नेमकं केव्हा होतं आणि अनेक शक्यतांतून एकच उत्तर कसं बाहेर पडतं, हे सिद्धांत सांगतो का? आणि हा निसर्गाचा शेवटचा सिद्धांत आहे का? तिसऱ्याला ‘नाही’ म्हणायला कोणी कचरत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाशी त्याची सोयरीक अजून जुळलेली नाही. दुसऱ्याकडे पुढे येतो. १९३५ साली भांडण पेटलं ते पहिल्यावर.

त्या वर्षी १५ मेच्या ‘फिजिकल रिव्ह्यू’त आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचा चार पानी लेख आला. शीर्षकच प्रश्नार्थक होतं: भौतिक वास्तवाचं क्वांटम यामिकीने केलेलं वर्णन पूर्ण मानता येईल का? लेख छापून येण्याआधीच, ४ मेला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘आइन्स्टाइनचा क्वांटम सिद्धांतावर हल्ला’ अशा अर्थाचा मथळा दिला. बातमी पोडोल्स्कीने पुरवली होती. आइन्स्टाइन त्यावर चांगलेच उखडले, आणि वैज्ञानिक गोष्टींची चर्चा वैज्ञानिक व्यासपीठावरच व्हावी असं त्यांनी जाहीरपणे कळवलं. दुसरी गंमत अशी की लेखाचं लेखनही पोडोल्स्कीचंच होतं आणि तेही आइन्स्टाइनना पसंत नव्हतं. १९ जूनला श्रोडिंगरला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कुरकुर केली की मुख्य मुद्दा गणिताच्या पसाऱ्यात गाडला गेला.

मुख्य मुद्दा त्यांनी त्याच पत्रात दोन डब्यांवरून सांगितला. दोन बंद डबे आहेत आणि एक चेंडू. ‘चेंडू पहिल्या डब्यात असण्याची शक्यता निम्मी’ हे वर्णन पूर्ण आहे का? साधा माणूस म्हणेल, छे, चेंडू कुठल्या तरी एका डब्यात आहेच, तुम्हाला माहीत नाही इतकंच. वर्णन अपूर्ण आहे. कट्टर क्वांटमवाला म्हणेल, झाकण उघडेपर्यंत तो कुठेच नाही, म्हणून वर्णन पूर्ण आहे. नुसत्या तर्काने या दोघांत निवाडा होत नाही. आइन्स्टाइननी मग एक जादा गृहीतक घातलं: एका डब्यात काय आहे, ते दूरच्या दुसऱ्या डब्याशी मी काय करतो यावर अवलंबून नसावं.

हे गृहीतक फोटॉनांच्या जोडीला लावून बघा. एक फोटॉन तुमच्याकडे, एक माझ्याकडे. जोडी अशी की दोघांनी ध्रुवणपट्टी (फोटॉनला कोनानुसार आरपार सोडणारी किंवा अडवणारी पट्टी) एकाच कोनात ठेवली, तर दोन्ही आरपार जातात किंवा दोन्ही अडतात, कधीही चुकत नाही. माझा फोटॉन पार झाला की तुमचा पार होणार हे मला खात्रीने कळलं, आणि तुमच्या फोटॉनला मी बोटही लावलेलं नाही. तर मग दोनच शक्यता उरतात. तुमच्या फोटॉनचं उत्तर आधीपासून ठरलेलं होतं. तरंगफलनात त्याची नोंद नाही, म्हणजे तरंगफलन अपूर्ण. नाहीतर माझ्या इथल्या मोजण्याने तुमच्या तिथे काहीतरी घडलं. दुसरी गोष्ट आइन्स्टाइनना पटणं शक्यच नव्हतं. पुढे १९४७ साली आपले मित्र, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना लिहिलेल्या पत्रात तिला त्यांनी भुताटकीची क्रिया म्हटलं.

‘देव फासे खेळत नाही’ हे वाक्य इतकं घासलं गेलंय की आइन्स्टाइनचं सगळं दुखणं फाशांचं होतं असा समज झाला. माझ्या मते फासे हा त्यांचा किरकोळ राग होता. खरी ठसठस ही होती की इथली वस्तू इथली राहत नाही. आणि त्यांचा दावा ‘जर–तर’चा होता: जर दूरवर असा परिणाम होत नसेल, तर सिद्धांत अपूर्ण आहे. हे वाक्य फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवा, पुसू नका.

क्वांटम सिद्धांताचे खंदे समर्थक नील्स बोर यांनी १९३५ सालीच, त्याच शीर्षकाने, त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. मी ते दर दोन-चार वर्षांनी वाचतो आणि दर वेळी वाटतं की या खेपेला कळलं. मग मिटलं की निसटतं. सार इतकंच की कुठली राशी मोजायची हे ठरवताना तुम्ही मांडणीच बदलता, आणि मांडणीपासून वेगळं काढून ‘वास्तव’ हा शब्द वापरता येत नाही. पण त्या काळच्या बहुतेकांना बोर जिंकले एवढं ऐकायला पुरेसं होतं. पाठीशी फॉन नॉयमनच्या १९३२च्या पुस्तकातली सिद्धताही होती: सिद्धांताखाली ‘छुपे चल’, म्हणजे तरंगफलनात न दिसणारी पण उत्तरं आधीच ठरवणारी मूल्यं, घालून तो पूर्ण करताच येत नाही. एवढ्या मोठ्या गणितज्ञाने सांगितल्यावर विचारणार कोण? एका बाईंनी विचारलं. ग्रेटे हेरमान, एमी नोएथरच्या विद्यार्थिनी. ज्या राशी एकाच वेळी मोजता येत नाहीत, त्यांच्या बेरजेची सरासरी म्हणजे सरासऱ्यांची बेरीज, हा नियम फॉन नॉयमननी छुप्या पातळीवरही गृहीत धरला होता. तिथेच मेख होती, आणि हेरमाननी १९३५ सालीच तिच्यावर बोट ठेवलं. कोणी लक्ष दिलं नाही.

मग १९५२ साली डेव्हिड बोमने जे अशक्य म्हणून सिद्ध झालं होतं तेच करून दाखवलं. कणाला कायम एक निश्चित जागा आहे, आणि तरंगफलन त्याला वाट दाखवतं. कल्पनेचं मूळ द ब्रॉय यांच्या १९२७च्या मांडणीत होतं. बोमच्या गणितातून नेहमीच्या क्वांटम यामिकीची सगळी भाकितं जशीच्या तशी निघतात. अपूर्ण वाटणारा सिद्धांत पूर्ण करायचा हा धडधडीत नमुना. आइन्स्टाइन खूश व्हायला हवे होते, पण त्यांनी बॉर्नला कळवलं की हा उपाय फार स्वस्तातला वाटतो. बोमच्या सिद्धांतात एका कणाची चाल दूरच्या कणाच्या जागेवर त्या क्षणी अवलंबून असते. ज्या भुताला घालवायचं, त्यालाच पाटावर बसवल्यासारखं झालं.

बेलफास्टचा जॉन बेल हे वाचून अस्वस्थ झाला. तो सर्न या युरोपीय संशोधन केंद्रात कणप्रवेगकांवर काम करायचा. हा उद्योग फावल्या वेळातला. त्याचा प्रश्न साधा होता: बोमच्या सिद्धांतातला हा दूरचा संबंध बोमची अडचण आहे, की कुणीही सिद्धांत पूर्ण करायला गेला तरी तो येणारच? १९६४ साली, चार वर्षांतच बंद पडलेल्या एका नियतकालिकात, त्याने उत्तर छापलं: येणारच. आइन्स्टाइन १९५५मध्येच गेले होते. यावर ते काय म्हणाले असते, हे मला कुठल्याही छुप्या चलापेक्षा जाणून घ्यायला आवडलं असतं.

बेलचा मुद्दा मी वर्गात परीक्षेच्या गोष्टीने सांगतो. सुहास दादरच्या केंद्रावर बसलाय, मंदार नागपूरच्या. प्रत्येकाला नाणेफेक करून लाल किंवा निळी प्रश्नपत्रिका मिळते. उत्तर एकाच शब्दाचं: हो किंवा नाही. गुण दोघांना मिळून आहेत. दोघांनाही निळी आली तर उत्तरं वेगळी हवीत. बाकी तिन्ही वेळा सारखी हवीत. आदल्या रात्री दोघं बसून हवं ते ठरवू शकतात. परीक्षा सुरू झाली की फोन नाही, खाणाखुणा नाहीत.

आता ठरवून बघा. सुहास लालला ‘हो’ म्हणणार. मग मंदारला लाललाही ‘हो’ म्हणावं लागतं आणि निळ्यालाही, कारण सुहासकडे लाल असेल तर दोन्ही वेळा उत्तर जुळायला हवं. मंदार लालला ‘हो’ म्हणतो, म्हणून सुहासने निळ्यालाही ‘हो’ म्हणायचं. झालं, दोघांना निळी आली की हो-हो, आणि गुण गेला. ‘नाही’पासून सुरुवात करा, मधला एखादा बदला, चौथी जोडी सावरायला जाल तर दुसरी फुटते. दर वेळी ठरलेल्या उत्तरांची वेगळी चिठ्ठी वापरली तरी सरासरी चारात तीनच्या वर जात नाही. ७५ टक्के ही ठरवून बसणाऱ्यांची कमाल मर्यादा. हीच बेलची असमता, क्लॉसर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ साली दिलेल्या रूपात. फक्त ते ७५ टक्क्यांऐवजी ‘एस’ नावाचा आकडा वापरतात आणि त्याची मर्यादा २ असते. रूपांतर सोपं आहे: यशाच्या प्रमाणाची दुप्पट करा, १ वजा करा, ४ने गुणा.

आता सुहास-मंदारच्या जागी फोटॉनांची जोडी आणा. सुहासची पट्टी लाल आली की शून्य अंशावर, निळी आली की ४५ अंशांवर. मंदारची लालला २२.५ वर, निळ्याला उणे २२.५ वर. पहिल्या तीन जोड्यांत दोन पट्ट्यांमधला फरक २२.५ अंश, निळ्या-निळ्याला मात्र ६७.५. उत्तरं जुळण्याची शक्यता फरकाच्या कोसाइनच्या वर्गाइतकी. पुढचं तुमची बारावीची मुलं मालुसच्या नियमावरून करतील: २२.५ अंशांना जुळण्याची शक्यता ०.८५४, ६७.५ अंशांना न जुळण्याची शक्यताही ०.८५४. म्हणजे चारही वेळा ८५ टक्क्यांच्या वर, आणि एस २.८३. ठरवून बसलेल्यांची ७५ची रेघ फोटॉन आरामात ओलांडतात, निदान कागदावर तरी.

टेबलावर हे कसं दिसतं तेही सांगतो, कारण पुस्तकांत दोन बाण आणि एक गोळा काढून मोकळे होतात. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर. पुढे बीटा बेरियम बोरेट या स्फटिकाच्या दोन पातळ चकत्या एकमेकींशी काटकोनात चिकटवलेल्या. लेझरच्या कोट्यवधी फोटॉनांतला एखादाच तिथे फुटतो आणि ८१० नॅनोमीटरची जोडी बाहेर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. दोन्ही बाजूंना कोन फिरवायच्या पट्ट्या, मग एकेक फोटॉन टिपणारे शोधक, आणि ‘दोघं एकदमच वाजले’ एवढंच मोजणारं यंत्र. ‘एकदम’ म्हणजे काही नॅनोसेकंदांच्या खिडकीत. खोलीत अंधार. संगणकाच्या पडद्यावर काळं कापड, आणि मोजणीयंत्राच्या इवल्याशा हिरव्या दिव्यावर इन्सुलेशन टेप, कारण शोधकाला तोही दिवा सूर्यासारखा. सोळा कोनजोड्यांचे सोळा आकडे आले की बेरीज-वजाबाकी करून एस निघतो. चांगल्या दिवशी आमचा २.४–२.५ येतो.

एकदा तो ३.१ आला. मुलं हरखली, कारण २च्या वर जाणं म्हणजे बेल मोडणं. मी हरखलो नाही, कारण क्वांटम यामिकीलाही २.८३च्या वर जायची मुभा नाही. ती मर्यादा त्सिरेल्सनने १९८० साली काढली. म्हणजे आम्ही एकतर क्वांटम सिद्धांत पाडला होता, नाहीतर कुठेतरी शेण खाल्लं होतं. दोन दिवस आरसे पुसण्यात गेले. शेवटी सापडलं ते संगणकात: योगायोगाने एकदम वाजणाऱ्या ठोक्यांची वजाबाकी करताना खिडकी खऱ्यापेक्षा पाचपट मोठी टाकली होती. प्रत्येक आकड्यातून जास्तच वजा होत होतं. लहान आकडे जवळजवळ शून्यावर आले, मोठ्यांना विशेष धक्का लागला नाही, आणि जुळणी आहे त्यापेक्षा चोख दिसू लागली. तेव्हापासून कच्चे आकडे न दाखवता कोणी एस सांगितला की मी चहा संपेपर्यंत ऐकतो आणि मग कच्चे आकडे मागतो.

हा किस्सा सांगायचं कारण असं की आमच्यासारख्या टेबलावरच्या प्रयोगाने हट्टी माणूस गप्प बसत नाही, आणि त्याचं बरोबर असतं. तो म्हणेल, तुमचे शोधक बहुतेक फोटॉन हुकवतात. जे हुकतात ते मुद्दाम हुकत असतील तर? या आकाराच्या प्रयोगात ती पळवाट बुजवायला साधारण ८२.८ टक्के फोटॉन पकडावे लागतात. आम्ही त्याच्या जवळपासही नाही. तो पुढे म्हणेल, तुमच्या दोन पट्ट्या एकाच टेबलावर आहेत. एकीचा कोन दुसरीला कळत असेल तर?

म्हणून या प्रयोगांचा इतिहास पळवाटा बुजवण्याचा आहे. १९७२ साली बर्कलीत फ्रीडमन आणि क्लॉसरनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या जोड्या मोजल्या. क्लॉसरना स्वतःला आइन्स्टाइन जिंकावेत असं वाटत होतं. निकाल उलट लागला. १९८२ साली फ्रान्समधल्या ओर्सेला अलँ अस्पेने एस २.६९७ मोजला, चूक ०.०१५ची, आणि त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात फोटॉन वाटेत असतानाच, दर १० नॅनोसेकंदांना, कोन बदलायची युक्ती केली. दोन बाजूंत अंतर १२ मीटर, प्रकाशाला ४० नॅनोसेकंद. निरोप पोचायच्या आत प्रश्नपत्रिका बदललेली. झायलिंगरच्या गटाने १९९८ साली इन्सब्रुकमध्ये अंतर ४०० मीटर केलं. दोन्ही पळवाटा एकाच प्रयोगात बुजल्या त्या २०१५ साली, डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि बोल्डर इथे. डेल्फ्टवाल्यांनी १.३ किलोमीटरवरच्या दोन हिऱ्यांतले इलेक्ट्रॉन वापरले. गुंतवण इतकी दुर्मीळ की मोजण्याजोग्या फेऱ्या मिळाल्या फक्त २४५. एस २.४२, म्हणजे सुहास-मंदारच्या भाषेत सुमारे ८० टक्के. पंच्याहत्तरी ओलांडली, फोन जप्त असताना.

मग हरलं कोण? फळ्याच्या कोपऱ्यातलं वाक्य बघा. ‘जर दूरवर परिणाम होत नसेल, तर सिद्धांत अपूर्ण.’ प्रयोगाने तोडला तो ‘जर’. ‘तर’ अधांतरी राहिलं. अट कोसळली म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, आणि खराही ठरत नाही. हे गणिताच्या तासाला मुलांना शिकवतोच आपण. आइन्स्टाइनचा तर्क बिनचूक होता, गृहीतक निसर्गाने मानलं नाही. ‘आइन्स्टाइन हरले, बोर जिंकले’ हा मथळा मला म्हणूनच आळशी वाटतो.

आता दरपत्रक. ७५ची रेघ ओलांडली गेल्यावर परीक्षेतलं काहीतरी सोडावं लागतं. बोमसारखं म्हणा की उत्तरं ठरलेली आहेत, पण नागपूरची प्रश्नपत्रिका दादरच्या उत्तराला शिवते. त्यातून निरोप पाठवता येत नाही, कारण एका बाजूचे आकडे एकटे बघितले तर नुसती निम्मी-निम्मी नाणेफेक दिसते. तरी सापेक्षतेच्या सिद्धांताशी संसार अवघड जातो. किंवा म्हणा की नाणेफेकच खोटी होती, प्रश्नपत्रिका आणि चिठ्ठ्या विश्वारंभापासून संगनमताने ठरलेल्या आहेत. नोबेलविजेते जेरार्ड ’ट हूफ्ट या वाटेने गंभीरपणे गेले आहेत, म्हणून हसू नका. पण २०१८ साली झायलिंगरच्या गटाने ला पाल्मा बेटावर कोन निवडण्यासाठी दोन क्वेसारांचा (फार दूरच्या, तेजस्वी दीर्घिकाकेंद्रांचा) प्रकाश वापरला, त्यातल्या एकातून तो १२ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. संगनमत असेलच तर ते त्याच्याही आधीचं मानावं लागेल. किंवा एव्हरेटच्या १९५७च्या वाटेने जाऊन म्हणा की प्रत्येक फेरीत दोन्ही उत्तरं येतात, निरनिराळ्या शाखांत. मग सिद्धांत पूर्णच आहे, जगच एक नाही.

माझे बरेच सहकारी म्हणतात की ‘वास्तववाद’, म्हणजे उत्तरं मोजण्याआधीच ठरलेली असतात हा आग्रह, सोडला की स्थानिकता, म्हणजे इथल्या कृतीचा दूरवर परिणाम होत नाही हे गृहीतक, वाचते. मला हे पटत नाही. ठरलेली उत्तरं आइन्स्टाइननी आपल्या मनाने आत घातली नव्हती. शंभर टक्के जुळणी आणि स्थानिकता मान्य केली की ती आपोआप निघतात. अर्थात यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर आवाज चढतात, तेव्हा हे माझं मत म्हणून घ्या.

पूर्णतेच्या बाजूने खरोखर वजनदार निकाल आहे तो नोबेलच्या बातम्यांत कुठेच नव्हता. २०११ साली रोजर कोलबेक आणि रेनाटो रेनर यांनी दाखवलं की मोजणाऱ्याची निवड खरोखर मोकळी असेल, तर क्वांटम सिद्धांतापेक्षा चांगली भाकितं करणारा कुठलाही विस्तार शक्य नाही. पुढच्याच वर्षी प्यूझी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांनी आइन्स्टाइनच्या लाडक्या कल्पनेला धक्का दिला: तरंगफलन म्हणजे नुसतं आपलं अर्धवट ज्ञान, चेंडू कुठल्या डब्यात याबद्दलचा अंदाज, असं मानणं काही वाजवी गृहीतकांखाली चालत नाही. दोन्हीकडे ‘जर’ आहे, पण ‘पूर्ण’ या शब्दाच्या इतक्या जवळ दुसरं काही आलेलं नाही.

यात एक व्यवहाराची बाजूही आहे. दोघांकडे फक्त ठरवलेल्या चिठ्ठ्या असतील, तर तिसरा त्यांची नक्कल करून ठेवू शकतो. ८५ टक्के यश मिळत असेल, तर चिठ्ठ्या मुळात नव्हत्या, मग नक्कल कशाची करणार? आर्तुर एकर्टने १९९१ साली याच विचारावर गुप्त किल्ल्या वाटायची पद्धत उभारली. १९३५ सालच्या तत्त्वचर्चेचा प्रश्न आज कूटलेखनवाल्यांच्या कामाचा झालाय.

आता मघाशी बाजूला ठेवलेला दुसरा प्रश्न. माझ्या दृष्टीने सिद्धांतात खरं भगदाड इथे आहे. श्रोडिंगरचं समीकरण शक्यता कधीच गाळत नाही. त्याच्याच गाजलेल्या उदाहरणातल्या डब्यातलं मांजर जिवंत आणि मेलेलं, दोन्ही पुढे चालू. वातावरणाच्या स्पर्शाने या दोन शक्यतांमधलं व्यतिकरण (लाटांसारखं एकमेकींत मिसळणं) विरून जातं, हे झे आणि झुरेक यांच्या कामामुळे आता नीट समजलंय. पण व्यतिकरण विरलं म्हणजे एकच शक्यता उरली असं नव्हे. माझा शोधक वाजला किंवा नाही वाजला. ‘वाजला’वर शिक्कामोर्तब समीकरणात कुठे झालं, ते मला दाखवता येत नाही. पाठ्यपुस्तक तिथे ‘मोजमाप केल्यावर’ असं म्हणून पुढे सरकतं.

इटलीतल्या गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ साली सरळ समीकरणच बदलून बघितलं. प्रत्येक कण अधूनमधून आपोआप एका जागी गोळा होतो. एकट्या कणावर ही पाळी सरासरी ३० कोटी वर्षांत एकदा. प्रयोगशाळेत ते कधीच दिसणार नाही. पण यंत्राच्या काट्यात १०चा २३वा घात इतके कण असतील, तर सेकंदाला कोटीच्या घरात असे धक्के बसतात, आणि काटा एका जागी येतो. हिशेब लोभसवाणा आहे. मुख्य म्हणजे हा विस्तार नुसता अर्थ लावत नाही, वेगळं भाकीत करतो, म्हणजे तो चुकू शकतो. २०१९ साली व्हिएन्नात सुमारे २,००० अणूंच्या रेणूंचं व्यतिकरण दिसलं. तोवर तरी जुनं समीकरण शाबूत. डिओसी आणि पेनरोझ यांची, गुरुत्वाकर्षणाने तरंगफलन एका शक्यतेवर कोसळण्याची कल्पना इटलीतच ग्रान सास्सोच्या डोंगराखाली तपासली गेली आणि तिचं सगळ्यात साधं रूप बाद झालं.

या कामाचा एक धागा आपल्या कुलाब्यापर्यंत येतो. तेजिंदर पाल सिंग हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना या कोसळण्याच्या प्रतिमानांवरच्या २०१३च्या मोठ्या आढाव्याचे सहलेखक होते. त्याच संस्थेत शशांक रॉय आणि वीरेंद्र सिंग यांनी त्याआधी बोमच्या मांडणीतला जागेचा पक्षपात काढून जागा आणि संवेग यांना सारखंच वागवणारं रूप तयार केलं. वर्गात ‘हे सगळं तिकडचं’ असं कोणी म्हणालं तर सांगा. मात्र ‘क्वांटम म्हणजे आपलं अद्वैतच’ असे जे निरोप मोबाईलवर फिरतात, त्यांना थारा देऊ नका. श्रोडिंगरला वेदान्ताची ओढ होती हे खरं. समीकरण त्यातून आलेलं नाही.

त्या मुलीला एवढंच सांगा: खाली काही दडलेलं नाही असं कोणी सिद्ध केलेलं नाही, पण जे दडलेलं असेल ते साधं, आपापल्या जागी बसलेलं, ठरवून ठेवलेल्या चिठ्ठ्यांसारखं असू शकत नाही, हे सिद्ध झालंय. आणि सांगण्याआधी खेळ खेळून घ्या. वर्गातून जोड्या काढा, एकेकाला व्हरांड्याच्या दोन टोकांना बसवा, नाणी उडवायला दोघं वेगळे ठेवा. आदल्या दिवशी हवं ते ठरवायची सूट द्या. पोरं खूप हुशारी करतात. वीस-पंचवीस फेऱ्यांत एखादी जोडी नशिबाने ८५लाही पोचेल, तेव्हा थांबू नका, दोनशेपर्यंत न्या. आकडा पंच्याहत्तरीकडे घसरत येताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आणि दोनशे फेऱ्यांनंतरही एखादी जोडी ८५वर ठाम असेल, तर आधी त्यांचे मोबाईल तपासा.